वळलेला पट्टा: झिंक ऑक्साइडची नॅनोकडी नेमकी कशाने वाकते?

झिंक ऑक्साइडचा दहा-पंधरा नॅनोमीटर जाडीचा पट्टा भट्टीत वाढता वाढता स्वतःच गोल होतो, मायक्रोमीटरभर त्रिज्येची कडी करून बसतो आणि तरीही इलेक्ट्रॉन विवर्तनात (इलेक्ट्रॉनांच्या झोताने अणूंची मांडणी पाहण्याच्या पद्धतीत) तो एकसंध स्फटिकच दिसतो. अटलांटातल्या जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये झोंग लिन वांग यांच्या गटाने असे आकार २००३ ते २००५ या काळात एकामागून एक प्रसिद्ध केले: आधी स्प्रिंगा आणि मळसूत्रे, २००४ मध्ये बंद कड्या, २००५ मध्ये दोन प्रकारच्या पट्ट्यांच्या आलटून पालटून रचनेने झालेली मळसूत्रे. सरळ नॅनोपट्टे त्यांनी २००१ मध्येच दाखवले होते.

या आकारांचे स्पष्टीकरण बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकलेले असते: पदार्थ पिझोइलेक्ट्रिक (दाबला की वीज देणारा, वीज लावली की आकार बदलणारा), त्याच्या दोन बाजूंवर विरुद्ध प्रभार, म्हणून तो वाकून ऊर्जा कमी करतो. वाक्य खोटे नाही, पण आकडे घालून पाहिले की त्याचे तुकडे वेगळे होतात. काही तुकडे भक्कम निघतात, काही अगदीच तकलादू. या प्रकरणात तेच करायचे आहे.

भट्टीत काय घडते

कड्यांची कृती आडव्या नळीभट्टीची आहे. झिंक ऑक्साइड, इंडियम ऑक्साइड आणि लिथियम कार्बोनेट यांची भुकटी वजनाने २०:१:१ या प्रमाणात मिसळून नळीच्या सर्वांत तापणाऱ्या भागात ठेवायची. तापवण्याआधी नळी साधारण एक हजारांश टॉरपर्यंत (टॉर हे दाबाचे एकक) निर्वात करायची, म्हणजे उरलासुरला ऑक्सिजन जातो. मग तापमान १४०० अंश सेल्सियसपर्यंत न्यायचे, मिनिटाला प्रमाण स्थितीतला ५० घनसेंटिमीटर आर्गॉन सोडायचा, दाब सुमारे ५०० टॉरवर धरायचा आणि अर्धा तास थांबायचे. माल जमतो तो नळीच्या थंड टोकाकडे, २०० ते ४०० अंशांच्या टप्प्यात ठेवलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर. कड्यांचा व्यास १ ते ४ मायक्रोमीटर.

इंडियम इथे शोभेला नाही. ते पट्ट्याच्या आत (०००१) प्रतलाला, म्हणजे जस्त किंवा ऑक्सिजनच्या अणूंच्या थराला, समांतर असे प्रतलीय दोष निर्माण करते, आणि त्यामुळे पट्टा ज्या दिशेने एरवी झपाट्याने वाढला नसता त्या दिशेने लांबत जातो. परिणामी त्याच्या रुंद बाजू ध्रुवीय राहतात, म्हणजे एकीवर जस्ताचे आणि दुसरीवर ऑक्सिजनचे अणू येतात. हे साधे काम नाही. झिंक ऑक्साइडला मोकळे सोडले तर तो ध्रुवीय अक्षाच्या (जस्ताच्या बाजूकडून ऑक्सिजनच्या बाजूकडे जाणाऱ्या) दिशेने सुया वाढवतो, आणि सुईच्या बाजू निर्ध्रुव असतात. निर्ध्रुव बाजूंचा पट्टा आपणहून वळण्याचे कारण उरत नाही. म्हणून एखाद्या खेपेत सगळा माल सरळच आला, तर पहिला संशय वाढीच्या दिशेवर घ्यावा, तापमानावर नंतर.

एकच शब्द, दोन भूमिती

इथे बहुतेकांची गल्लत होते. स्प्रिंग आणि कडी दोन्ही "वळलेला पट्टा" असल्या तरी वळण्याची दिशा ९० अंशांनी वेगळी आहे.

स्प्रिंगेत ध्रुवीय अक्ष त्रिज्येच्या दिशेने असतो. म्हणजे जस्ताची बाजू आत, ऑक्सिजनची बाहेर, किंवा उलट. पट्टा आपल्या जाडीच्या दिशेने वाकतो. कडीत मात्र ध्रुवीय अक्ष कडीच्या अक्षाला समांतर असतो. किल्ल्यांच्या कडीत तारेचे वेढे एकावर एक बसतात, तसे पट्ट्याचे वेढे एकावर एक बसतात: एका वेढ्याची जस्ताची बाजू पुढच्याच्या ऑक्सिजनच्या बाजूला टेकते आणि तापलेल्या स्थितीत ती जोडली जाते. वेढ्याची जाडी १० नॅनोमीटर धरली, तर एक मायक्रोमीटर रुंदीची कडी म्हणजे शंभरेक वेढे झाले.

दोन्हींना एकच कारण लावता येत नाही, हे नुसत्या सममितीवरून कळते. स्प्रिंगेतल्या आतल्या आणि बाहेरच्या बाजू रासायनिकदृष्ट्याच भिन्न आहेत. कडीतल्या आतल्या आणि बाहेरच्या बाजू निर्ध्रुव आणि एकमेकींसारख्या आहेत.

स्प्रिंगेचा हिशोब

पुढच्या आकड्यांसाठी घेतलेली मूल्ये: यंगचा मापांक (पदार्थाच्या ताठपणाचे माप) १४० गिगापास्कल, उपजत ध्रुवीकरण ०.०५७ कूलंब प्रति चौरस मीटर, सापेक्ष डायलेक्ट्रिक स्थिरांक ८.५, बँड गॅप (बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) ३.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट.

ध्रुवीकरणाचा प्रभार विरुद्ध प्रभाराने कोणीच झाकला नाही असे धरा. पट्ट्याच्या आत मीटरला सुमारे ७६ कोटी व्होल्ट एवढे क्षेत्र येते आणि १५ नॅनोमीटर जाडीवर ११ व्होल्टचा फरक पडतो. बँड गॅप ३.४ व्होल्टचा असताना हे टिकणे शक्य नाही. साडेचार नॅनोमीटर जाडीपुढे इलेक्ट्रॉन एका बाजूकडून दुसरीकडे सरकतातच आणि प्रभाराचा मोठा भाग झाकला जातो. शिवाय पृष्ठे आपली सोय आपण करतात: जस्ताच्या बाजूवर त्रिकोणी खड्डे पडतात, ऑक्सिजनच्या बाजूवर हायड्रोजन बसतो. म्हणजे "न झाकलेला पूर्ण प्रभार" हे चित्र फार तर अगदी पातळ पट्ट्याला लागू पडते.

दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. पिझोइलेक्ट्रिक पदार्थावर क्षेत्र लावले की तो आखडतो किंवा ताणतो. पण क्षेत्र जाडीभर सारखे असेल तर आखडणेही जाडीभर सारखेच होणार. पट्टा आखूड होईल, वाकणार नाही. वाकायला एका बाजूची विकृती (लांबीतला सापेक्ष बदल) दुसरीपेक्षा वेगळी हवी. २००६ मध्ये वांग आणि सोंग यांनी झिंक ऑक्साइडची तार वाकवून वीज काढल्यावर "वाकले की वीज" हे सूत्र सर्वांच्या डोक्यात बसले, आणि ते उलटे फिरवून "वीज म्हणून वाकले" असे म्हणण्याचा मोह होतो. उलटे फिरवताना क्षेत्राचा उतार विसरला जातो.

उतार कुठून येईल? झाकणारे इलेक्ट्रॉन जाडीत पसरलेले असले तर क्षेत्र एका बाजूला जास्तीत जास्त आणि दुसरीकडे शून्य असे होऊ शकते. सर्वांत उदार कल्पना करू: सगळे ३.४ व्होल्ट अशा तिरप्या क्षेत्रात पडतात. १५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात मोठ्या बाजूचे क्षेत्र सुमारे ४५ कोटी व्होल्ट प्रति मीटर. व्होल्टला ५ पिकोमीटर या आडव्या पिझो गुणांकाने विकृती ०.२३ टक्के येते, आणि वक्रतेची त्रिज्या साडेसहा मायक्रोमीटर. १० नॅनोमीटरच्या पट्ट्यात हीच त्रिज्या सुमारे तीन मायक्रोमीटर होते. प्रत्यक्षात स्प्रिंगांच्या त्रिज्या ५०० ते ८०० नॅनोमीटर. म्हणजे पिझो परिणाम शून्य नाही, पण एकट्याने तो पुरत नाही.

आता पृष्ठ प्रतिबल. दोन बाजूंचे अणू वेगळे, त्यांचे आतल्या बंधांशी खेचणे वेगळे. या खेचण्यातला फरक पट्ट्याला वाकवतो. हिशोब असा: वक्रता म्हणजे सहा गुणिले प्रतिबलातला फरक, भागिले यंग मापांक आणि जाडीचा वर्ग. फरक १ न्यूटन प्रति मीटर धरला, तर त्रिज्या १५ नॅनोमीटर जाडीला सव्वापाच मायक्रोमीटर, १० ला २.३ मायक्रोमीटर आणि ५ ला ५८० नॅनोमीटर येते. पातळ पट्ट्यांत प्रत्यक्षातल्या त्रिज्येशी आकडा थेट जुळतो.

कल्पना नवी मुळीच नाही. अर्धवाहकांच्या पातळ चकत्या, जिथे एक बाजू एका मूलद्रव्याची आणि दुसरी दुसऱ्याची असते, आपणहून वाकतात, हे हॅनमन, फिन आणि गाटोस यांनी १९६२ मध्ये लिहिले आणि दोन वर्षांनी कान व हॅनमन यांनी त्याचा हिशोब मांडला. तिथे इंडियम अँटिमोनाइड होते आणि जाडी नॅनोमीटरांची नव्हे, मायक्रोमीटरांची. नॅनोपट्ट्यांवरच्या चर्चेत हा जुना धागा फारसा दिसत नाही, हे थोडे नवलाचेच.

पण इथेही मर्यादा आहे. २० नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्याला ६५० नॅनोमीटर त्रिज्येत आणायचे तर प्रतिबलातला फरक १४ न्यूटन प्रति मीटर हवा. तेवढा कोणतेही पृष्ठ देत नाही. जाड पट्टा एवढा घट्ट वळलेला दिसला, तर पृष्ठ आणि पिझो दोन्ही बाजूला ठेवून जाडीभर रचना एकसारखी नाही असे समजावे: इंडियम एका अर्ध्यात जास्त, दुसऱ्यात कमी. दोन समान थर आणि त्यांच्या जालकांत (अणूंमधल्या अंतरांत) २ टक्के तफावत असेल तर २० नॅनोमीटरच्या पट्ट्याची त्रिज्या ६५० नॅनोमीटरच येते. द्विधातू पट्टी तापली की वाकते, तोच हिशोब. २००५ ची मळसूत्रे याच कुळातली म्हणता येतील: त्यांच्यात सुमारे साडेतीन नॅनोमीटर रुंदीचे दोन प्रकारचे पट्टे आळीपाळीने येतात आणि वळण रचनेतच विणलेले असते.

कडी: टिकते का, हे सोपे, सुरू कशी होते, हे अवघड

कडीसाठी १० × १५ नॅनोमीटर छेदाचा पट्टा घ्या, त्रिज्येच्या दिशेने १५ नॅनोमीटर, त्रिज्या १ मायक्रोमीटर. बाहेरच्या कडेची विकृती ०.७५ टक्के. ठोकळ्यातला झिंक ऑक्साइड एवढ्याला तडकेल, नॅनो आकारात तो काही टक्केही सोसतो. वाकवण्यात साठलेली लवचिक ऊर्जा दर मीटर लांबीला २ × १०⁻¹⁰ ज्यूल, म्हणजे टेकलेल्या दर चौरस मीटरमागे ०.०१३ ज्यूल. दुसरीकडे जस्त आणि ऑक्सिजन यांच्या दोन ध्रुवीय बाजू जोडल्या गेल्या तर दर चौरस मीटरमागे तीन ते चार ज्यूल सुटतात. सव्वादोनशे ते तीनशे पट! पृष्ठावर हायड्रॉक्सिल बसलेले असल्याने फायदा दहा टक्क्यांवर आला, तरी तो लवचिक ऊर्जेच्या पंचवीसपट राहतो. एकदा वेढा वेढ्यावर बसला की तो सुटत नाही, आणि पुढचा वेढा आपोआप त्याच्यावर चढत जातो. इथे ध्रुवीयतेचे स्पष्टीकरण खरोखर भक्कम आहे.

गाडी अडते ती पहिल्या वेढ्यावर. तो घडताना पट्ट्याचे दोन भाग अजून टेकलेले नसतात, त्यामुळे जवळच्या बंधांचा उपयोग नाही. म्हणून दूरवर पोचणारे विद्युत आकर्षण पुढे केले जाते. त्याचा कच्चा हिशोब करा: पूर्ण ध्रुवीकरण अजिबात न झाकलेले धरून दोन मायक्रोमीटर अंतरावरच्या दोन समांतर भागांतली ऊर्जा दर मीटरला ३ × १०⁻¹³ ज्यूल येते. लवचिक ऊर्जेच्या सहाशेव्या भागाएवढी. जवळच्या भागांचा परिणाम मोजून लॉगरिदमी दुरुस्ती घातली तरी ती दहा-वीसपट वाढेल, बरोबरीला येणार नाही. शिवाय कडीच्या भूमितीत समोरासमोरचे दोन भाग शेजारी-शेजारी उभ्या एकदिशी द्विध्रुवांसारखे असतात. ते एकमेकांना ढकलतात. ओढ लागते ती एकावर एक आल्यावरच.

उष्णतेची थरथरही कामाची नाही. ६०० केल्विनला या पट्ट्याची चिकाटी-लांबी (थरथरीने दिशा बदलायला लागणारी लांबी) सुमारे पाच सेंटिमीटर निघते. म्हणजे मायक्रोमीटरच्या पातळीवर तो काठीसारखा ताठ.

मग? बल किती लागते ते पाहिले की कोडे जरा सैल होते. १ मायक्रोमीटर त्रिज्येला लागणारे आघूर्ण (बल गुणिले भुजा) ४ × १०⁻¹⁶ न्यूटन-मीटर, म्हणजे एक मायक्रोमीटरच्या भुजेवर अवघा ०.४ नॅनोन्यूटन. दोन पट्टे एकमेकांना ओलांडून टेकले तर चिकटण्याचे बल याहून सहज जास्त असते. वाढता वाढता पट्ट्याचे टोक चकतीला, शेजाऱ्याला किंवा स्वतःच्याच अंगाला अडून टेकणे, आणि टेकल्यावर वरचे बंधांचे प्रचंड लाभाचे गणित सुरू होणे, एवढे पहिल्या वेढ्याला पुरते. आमचा कल याच बाजूला आहे: कडीचा प्रारंभ अपघाती स्पर्शातून, तिची वाढ आणि टिकाव ध्रुवीय बाजूंतून. दूरचे विद्युत आकर्षण योग्य बाजू समोरासमोर आणायला मदत करत असेल, पण पट्टा वाकवणारा हात ते नाही. या भूमिकेचा एक परिणाम तपासता येतो: कड्यांच्या त्रिज्या जाडीशी घट्ट बांधलेल्या नसाव्यात, विस्कळीत असाव्यात. स्प्रिंगांच्या तशा नसाव्यात.

मोजमाप आणि फसवणूक

स्प्रिंगांवर जाडी विरुद्ध त्रिज्या असा लॉग-लॉग आलेख काढावा. उतार २ आला तर पृष्ठ प्रतिबल किंवा तिरपे पिझो क्षेत्र, उतार १ आला तर थरांची तफावत. ५ ते २० नॅनोमीटर जाडीच्या टप्प्यात उतार २ असल्यास त्रिज्या सोळापट बदलते, १ असल्यास चौपट. त्यामुळे गोंधळलेल्या आकड्यांतूनही फरक दिसतो, पण पट्टे निदान काही डझन हवेत. जाडी मोजणे हीच खरी डोकेदुखी: ट्रान्समिशन सूक्ष्मदर्शकात पट्टा सपाट पडलेला असतो आणि दिसते ती रुंदी. पट्ट्याला पीळ पडून कड वर आलेली जागा शोधावी, किंवा इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जाक्षयावरून जाडी काढावी. रुंदीलाच जाडी समजून काढलेला उतार निरर्थक असतो.

उतार २ आल्यावर पृष्ठ आणि पिझो वेगळे कसे करायचे? निर्वातात ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाका. मोकळे झालेले इलेक्ट्रॉन आणि छिद्रे आतले क्षेत्र झाकतात. पिझोचा वाटा असेल तर वळण थोडे सैलावते आणि अंधारात परत येते. मात्र अतिनील प्रकाशाने पृष्ठावरचा ऑक्सिजनही उडतो आणि पृष्ठ प्रतिबल बदलते. अंधारात, निर्वातातच, वळण पूर्ववत झाले तरच बदल पिझोच्या खात्यावर टाकावा. हवा सोडल्यावर परतले तर ते पृष्ठाचे काम.

कडी लवचिक ताणात आहे की दोषांमुळे कायमची वळली आहे, हे दोषांच्या मोजणीतून कळते. सगळी वक्रता विस्थापनांनी (स्फटिकातल्या रेषीय दोषांनी) सोसली असेल तर वरच्या पट्ट्यात पूर्ण वर्तुळाला सुमारे २९० विस्थापने लागतील, दर २२ नॅनोमीटरला एक. एवढी दाटी सूक्ष्मदर्शकात लपत नाही. ती नसेल तर कडी लवचिक आहे, आणि कापल्यावर उघडली पाहिजे.

कापायचे कसे, यावर बरेच प्रयोग वाया जातात. ३० किलोव्होल्टचे गॅलियम आयन दहा-वीस नॅनोमीटर आत घुसतात, म्हणजे पट्ट्याच्या आरपार. आयनांचा मारा स्वतःच पट्ट्याला वाकवतो. कमी व्होल्टेज वापरावे, किंवा सरळ सूक्ष्म सुईने तोडावे.

ध्रुवीयतेची बाजू ओळखायला अभिसारी किरण विवर्तन प्रसिद्ध आहे, पण त्याला काही दशक नॅनोमीटर जाडी लागते. दहा नॅनोमीटरच्या पट्ट्यावर फरक धूसर येतो. तिथे ऑक्सिजनचे स्तंभ थेट दाखवणारी स्कॅनिंग प्रतिमा घ्यावी. आम्लाने ऑक्सिजनची बाजू जलद खाल्ली जाते हे खरे, पण एवढा पातळ पट्टा त्या परीक्षेत विरघळूनच जाईल. ती परीक्षा त्याच खेपेतल्या जाड, कंगव्यासारख्या स्फटिकांपुरती ठेवावी.

सर्वांत घातक चूक मात्र सर्वांत साधी आहे. नमुना अल्कोहोलमध्ये हलवून जाळीवर थेंब सोडला की वाळणारा थेंब पट्टे ओढून वाकवतो. बल नॅनोन्यूटनच्या दशांशात पुरत असताना केशाकर्षण तर कित्येक पटींनी जास्त. लांब पट्ट्यांवर आघूर्ण लांबीच्या वर्गाने वाढत असल्याने शंभर मायक्रोमीटरच्या पट्ट्याच्या मोकळ्या टोकाचे वळण कशाचाच पुरावा नाही. सूक्ष्मदर्शकात बराच वेळ किरण रोखून ठेवल्यास एका बाजूला कार्बन साचून सरळ पट्टाही वळू लागतो. म्हणून वाढीनंतर चकती न हलवता, द्रव न लावता, कमी मात्रेत पहिली छायाचित्रे घ्यावीत, आणि त्यांत जे वळलेले दिसेल तेवढेच आलेखात घ्यावे.